बाळाची कावीळ आणि आईच्या ताटातली हळद

हैदराबादच्या बरकतपुऱ्यातल्या मराठी घरात तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाळाचे डोळे पिवळसर दिसले की पहिला संशय बाळंतिणीच्या ताटावर जातो. हळद बंद, पिवळं वरण बंद. हा तिच्यावर निव्वळ अन्याय आहे. तो पिवळेपणा बिलिरुबिन या पिवळ्या द्रव्याचा असतो आणि ते बाळाच्याच तांबड्या पेशी मोडून तयार होतं.

पोटातही पेशी मोडतातच, मग बाळ पिवळं का होत नाही? कारण ते बिलिरुबिन वारेतून आईच्या रक्तात जातं आणि तिचं यकृत त्याचा निचरा करतं. बिलिरुबिन पाण्यात विरघळणारं करायला एक विकर लागतं. दिवस भरलेल्या बाळातही ते मोठ्या माणसाच्या जेमतेम 1 टक्का असतं. गर्भात हे सोयीचंच, कारण विरघळणारं बिलिरुबिन वार ओलांडू शकत नाही. नाळ कापली की सगळं काम त्या कोवळ्या यकृतावर येतं. त्यात बाळाच्या पेशी 70 ते 90 दिवसच टिकतात, आपल्या 120. म्हणून पूर्ण दिवसांच्या 10 बाळांपैकी साधारण 6 पिवळी दिसतात आणि बहुतेक आपोआप बरी होतात.

‘आईचं दूध बाधतंय, ग्लुकोजचं पाणी पाजा’ हा सल्ला तर उलटाच. बिलिरुबिन शीवाटे बाहेर पडतं. शी रखडली तर ते आतड्यातून पुन्हा रक्तात शिरतं. पहिली काळपट, चिकट शी त्यानेच भरलेली असते. ती लवकर होण्यासाठी दिवसातून 8 ते 12 वेळा अंगावर पाजायला हवं.

कोवळ्या उन्हाने कावीळ उतरते ही समजूत मात्र अगदीच निराधार नाही. 1956 च्या सुमारास इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात सिस्टर वॉर्ड यांना दिसलं, की उन्हात नेलेल्या बाळाची उघडी कातडी फिकी पडते. त्यातूनच निळ्या दिव्याचा उपचार आला. पण उन्हाची मात्रा मोजता येत नाही आणि हैदराबादच्या उन्हात उघडं बाळ तापतं, भाजतं.

ट्रंकेतली जुनी झबली काढताना डांबरगोळ्यांचा वास येतो ना? जी-६-पीडी विकर कमी असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी त्या वासानेही भराभर फुटून कावीळ वाढू शकते.

दुसऱ्या दिवशी घरी सोडलं तरी बिलिरुबिन बहुधा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वात वर जातं, म्हणून तेव्हा बाळ पुन्हा दाखवाच. पहिल्या 24 तासांतच पिवळेपणा आला, तळपाय पिवळे झाले, बाळ मलूल पडलं किंवा पिईना, तर त्याच दिवशी रक्त तपासा. जास्त झालेलं बिलिरुबिन मेंदूत शिरून कायमची इजा करू शकतं. दोन आठवड्यांनंतरही पिवळेपणा टिकला आणि शी पांढुरकी होऊ लागली, तर पित्तनलिका बंद असू शकते. तिची शस्त्रक्रिया शक्यतो 60 दिवसांच्या आत व्हावी लागते.