घाई करणाऱ्याला दुप्पट दंड

मोटारींची अशी एक स्पर्धा आहे, जिच्यात लवकर पोहोचणं हा उशिरा पोहोचण्यापेक्षा मोठा गुन्हा ठरतो. बहुतेक ठिकाणी मिनिटभर उशीर झाला तर एक गुण जातो, मिनिटभर आधी पोहोचलात तर दोन. गाडीच्या ताकदीला इथे फारशी किंमत नाही. आजोबांच्या वेळची फियाट आणि कालच शोरूममधून निघालेली महागडी गाडी एकाच रेषेवरून सुटतात, आणि फियाट जिंकू शकते. या खेळाला नॅव्हिगेशन रॅली म्हणतात. आपल्याकडचे रॅलीवाले ‘टीएसडी’ म्हणतात, म्हणजे टाइम, स्पीड, डिस्टन्स. सरासरी वेग आयोजक ठरवून देतात, अंतर रस्त्याने ठरवलेलं असतं. उरते ती वेळ. ती सेकंदासेकंदाने सांभाळायची, एवढाच हा खेळ. पण त्या ‘एवढ्याच’मध्ये भूमिती, गणित, रबराचा गुणधर्म आणि दोन माणसांचा एकमेकांवरचा विश्वास, सगळं येतं.

समजून घ्यायला दिल्लीचा कस्तुरबा गांधी मार्ग घेऊ. पूर्वीचा हा कर्झन रोड. कॅनॉट प्लेसच्या बाहेरच्या वर्तुळापासून तो निघतो, टॉलस्टॉय मार्ग ओलांडतो, पुढे फिरोजशाह रोड ओलांडतो आणि इंडिया गेटभोवतीच्या षट्कोनाला मिळतो. आपलं नवं महाराष्ट्र सदन याच रस्त्यावर आहे. अंतर साधारण दोन किलोमीटर धरू. आयोजकांनी सरासरी दिली ताशी ३६ किलोमीटर. हा आकडा नवशिक्यांना फार सोयीचा, कारण ताशी ३६ म्हणजे सेकंदाला बरोबर १० मीटर. दोन किलोमीटरला २०० सेकंद, म्हणजे तीन मिनिटं वीस सेकंद.

आता टॉलस्टॉय मार्गाच्या सिग्नलला गाडी ४० सेकंद अडकली. उरलेल्या १६० सेकंदांत तेच दोन किलोमीटर कापायचे, तर चालत्या गाडीचा वेग ४५ ठेवावा लागतो. मग सिग्नल सुटल्यावर जोरात निघावं आणि शेवटी कडेला थांबून घड्याळ बघावं, असं कुणालाही वाटेल. ती पळवाट आयोजकांनी आधीच बंद केलेली असते. वाटेत कुठेतरी, झाडाआड किंवा वळणापलीकडे, मार्शल घड्याळ घेऊन बसलेला असतो. तो कुठे आहे हे स्पर्धकाला सांगत नाहीत. त्यामुळे केवळ शेवटी वेळेवर असून भागत नाही; रस्त्याच्या प्रत्येक बिंदूवर तुम्ही वेळेवर असावं लागतं. हे एकदा लक्षात आलं की साधा दोन किलोमीटरचा रस्ता पुन्हा पूर्वीसारखा दिसत नाही.

कस्तुरबा गांधी मार्ग संपतो तिथे दुसरी परीक्षा सुरू होते. इंडिया गेटच्या षट्कोनातून चहूबाजूंना रस्ते फुटतात आणि नवख्या माणसाला ते सगळे सारखेच वाटतात. रस्त्यांची नावं देऊन आयोजक स्पर्धकाचं काम सोपं करत नाहीत. रोडबुकमध्ये प्रत्येक वळणासाठी एक छोटी आकृती असते. टिंब म्हणजे तुम्ही येता ती बाजू, बाण म्हणजे जायचं ती बाजू, आणि बाकीचे रस्ते नुसत्या रेषा. शेजारी मागच्या वळणापासूनचं अंतर मीटरपर्यंत मोजून लिहिलेलं. या आकृत्यांना जगभर ‘ट्युलिप’ म्हणतात, १९४९ मध्ये सुरू झालेल्या हॉलंडच्या ट्युलिप रॅलीवरून. कसलीही भाषा न येणाऱ्याला वाचता येईल अशी ही लिपी आहे. टिंबापासून बाणापर्यंत डोळा फिरवा, पुढचं वळण कळलं!

ब्रिटनमधले जुन्या गाड्यांचे क्लब याहून अवघड कोडी घालतात. तिथे मिनी, फियाट ५०० अशा चिमुकल्या गाड्यांची हौस सांभाळणारी मंडळी भरपूर. त्यांच्या नॅव्हिगेशन रॅलीत कधी कधी नकाशाऐवजी फक्त एक उभी सरळ रेषा हातात मिळते, आणि तिच्या दोन्ही बाजूंना फुटलेल्या लहानमोठ्या रेघा. दिसायला हुबेहूब माशाचा काटा. यात सगळा वळणावळणाचा मार्ग ओढून सरळ केलेला असतो. मधली रेषा म्हणजे तुमचा प्रवास. बाजूच्या रेघा म्हणजे जे रस्ते तुम्ही सोडून द्यायचे ते. डावीकडे एक रेघ असेल तर त्या चौकात डावीकडचा एक रस्ता सोडायचा. नॅव्हिगेटर, म्हणजे चालकाशेजारी बसून वाट सांगणारा, मांडीवर नकाशा पसरतो आणि तो काटा पुन्हा वाकवून खऱ्या रस्त्यांवर बसवतो. कुठे जायचं हे न सांगता, कुठे जायचं नाही एवढंच सांगून वाट दाखवायची, ही कल्पना ज्याला सुचली त्याला दाद द्यावी तेवढी थोडी!

तिथल्या कायद्याने सार्वजनिक रस्त्यावरच्या अशा स्पर्धांना ताशी ३० मैलांहून, म्हणजे साधारण ४८ किलोमीटरहून जास्त सरासरी ठेवता येत नाही. म्हणून तर १९५७ सालची, अवघ्या ४७९ सीसीची फियाट ५०० आजही मैदानात उतरू शकते.

आता चाकाखाली पाहू, कारण खरं आश्चर्य तिथे आहे. गाडी अंतर मोजते ते चाकाचे फेरे मोजून. समजा चाकाची त्रिज्या ३० सेंटिमीटर आहे. एका फेऱ्यात गाडी सुमारे १ मीटर ८८ सेंटिमीटर पुढे जाते. वापरून टायर पाच मिलिमीटर झिजला तर प्रत्येक फेरा जवळपास तीन सेंटिमीटरने तोकडा पडतो. तीन सेंटिमीटर कोण मोजतो? पण ६० किलोमीटरमध्ये या चुकीचा अख्खा एक किलोमीटर होतो, आणि ताशी ३६ च्या हिशेबात एक किलोमीटर म्हणजे शंभर सेकंद. टायरमधली हवा कमी झाली तरी आकडा हलतो. म्हणून रॅलीच्या सुरुवातीला आयोजकांनी मोजून दिलेल्या पट्ट्यावरून गाडी चालवतात, आपल्या मीटरचा आकडा त्यांच्या आकड्याशी ताडून बघतात आणि पुढे दिवसभर प्रत्येक अंतर त्या प्रमाणात दुरुस्त करत राहतात. जुन्या काळी यासाठी स्वीडनच्या हाल्डा कंपनीची यंत्रं लोकप्रिय होती. स्पीडोमीटरच्या केबलला जोडलेली, दातेरी चाकांवर चालणारी. दुरुस्ती करायची तर आतलं दातेरी चाकच बदलायचं. क्लासिक रॅलींमध्ये त्यांना अजून मान आहे.

हे सगळं चालकाने एकट्याने करणं अशक्य. म्हणून शेजारच्या जागेवरचा माणूस निम्मा विजेता असतो. १९६४ च्या माँटे कार्लो रॅलीत पॅडी हॉपकर्कने अवघ्या १०७१ सीसीच्या मिनी कूपरमधून विजय मिळवला, तोही ४.७ लिटर इंजिनाच्या फोर्ड फाल्कनला मागे टाकून. ती रॅली फक्त वेळ सांभाळण्याची नव्हती हे खरं, पण तिथेही नोंदी वाचून दाखवणारा हेन्री लिडन शेजारी होता.

त्याच वर्षी, १९६४ मध्ये, दिल्लीत ‘द स्टेट्समन’ वृत्तपत्राने जुन्या गाड्यांची रॅली सुरू केली. वृत्तपत्राचं कार्यालय कॅनॉट प्लेसलाच, कस्तुरबा गांधी मार्गापासून हाकेच्या अंतरावर. इथे कसोटी मुख्यतः गाडीच्या अस्सलपणाची आणि निगेची. या रॅलीत राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाचा १९१४ सालचा जॉन मॉरिस बनावटीचा आगीचा बंबही धावला आहे. मूळचा तो निजामाच्या रेल्वेचा, म्हणजे ज्या रेल्वेने मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड असा मराठवाडा जोडला तिचा.

महाराष्ट्रात टीएसडी रॅली चांगलीच रुजली आहे. वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनने मुंबईहून आंबी व्हॅलीकडे फक्त महिलांच्या टीएसडी रॅली भरवल्या आहेत. पण मला सगळ्यात जास्त भारावून टाकतो तो अंधांच्या रॅलीचा प्रकार. आपल्या देशात अनेक शहरांत या रॅली होतात. चालक डोळस, नॅव्हिगेटर अंध. रोडबुक ब्रेलमध्ये छापलेलं आणि ते फक्त नॅव्हिगेटरच्या हातात. त्याची बोटं ठिपक्यांवरून फिरतात, तो सांगतो, ‘सातशे मीटरवर डावीकडे’, आणि रस्ता डोळ्यांनी पाहणारा चालक त्याच्या शब्दावर गाडी वळवतो. डोळसाला वाट दाखवणारा अंध माणूस! गाडीत बसलेल्या दोघांनाही हा अनुभव विसरता येत नसणार.

उपग्रहाने वाट दाखवणाऱ्या काळात या खेळाची गरज काय, असा प्रश्न येतो. फोन आपल्याला पोहोचवतो, पण आपण कुठून गेलो हे मनात उमटत नाही. रॅलीत माणसाला प्रत्येक क्षणी दोन प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात: मी कुठे आहे, आणि आत्ता मी कुठे असायला हवं होतं? त्यासाठी अस्सल जुनी गाडी असायलाच हवी असंही नाही. मुंबईच्या टॅक्सींमधून शेवटची फियाट, म्हणजे पद्मिनी, ३० ऑक्टोबर २०२३ ला निरोप घेऊन गेली, पण खासगी हातांत कितीतरी फियाट अजून जपलेल्या आहेत. तुमच्या घरी असेल तर उत्तम, नसेल तर कुठलीही छोटी गाडी चालेल.

येत्या रविवारी सकाळी, रस्ते मोकळे असताना, ओळखीचा दहा किलोमीटरचा रस्ता घ्या. आदल्या दिवशी प्रत्येक वळणाची टिंब-बाणाची आकृती काढून अंतरं लिहा. सरासरी ताशी ३० ठरवा, म्हणजे दहा किलोमीटरला बरोबर २० मिनिटं. फोनचा नकाशा बंद करा. शेजारी घरातल्या एखाद्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला घड्याळ आणि वही देऊन बसवा, आणि तो सांगेल तसं चालवा. वाहतुकीचे नियम मात्र एकही मोडू नका, कारण या खेळात घाईला बक्षीस नाही.