पाण्याखालचं ऐकणारी ‘तूरव्हिल’

जानेवारी २०११. भारताच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे, अरबी समुद्रात ‘वरुण’ हा भारत आणि फ्रान्सच्या नौदलांचा संयुक्त सराव चालू होता. आपली ‘आयएनएस विराट’ आणि फ्रान्सची ‘शार्ल द गोल’ या दोन विमानवाहू नौकांवर साहजिकच सगळ्यांच्या नजरा होत्या. फ्रेंच ताफ्यात आणखी एक जुनी नौका होती, छत्तीस वर्षं सेवेत काढलेली फ्रिगेट ‘तूरव्हिल’. जूनमध्ये ती निवृत्त झाली.

तिचा जन्म समजून घ्यायचा तर १९७२ सालात जावं लागतं. त्या वर्षाच्या जानेवारीत फ्रान्सची पहिली अण्वस्त्रधारी पाणबुडी ‘ल रदुताब्ल’ ब्रिटनीतल्या ब्रेस्टजवळच्या तळावरून पहिल्या गस्तीवर निघाली. अशी पाणबुडी एकदा खोल पाण्यात दिसेनाशी झाली की तिला शोधणं महाकठीण. धोका असतो तो बंदरातून बाहेर पडताना, शत्रूची पाणबुडी दबा धरून बसलेली असेल तर. तो मार्ग मोकळा ठेवायला कुणीतरी पहारेकरी हवा होता. मे १९७२ मध्ये लोरियाँच्या गोदीत ‘तूरव्हिल’ पाण्यात उतरली आणि १९७४ मध्ये नौदलात दाखल झाली. लांबी सुमारे १५३ मीटर, वाफेवर चालणारी यंत्रं, खलाशी आणि अधिकारी मिळून तीनशेच्या आसपास माणसं. ‘द्युगे-त्रुआँ’ आणि ‘द ग्रास’ या तिच्या दोन भगिनी. या वर्गाच्या तीनच नौका बांधल्या गेल्या.

तिच्यावर तोफा होत्या, एक्झोसेट क्षेपणास्त्रं होती. पण तिचं खरं सामर्थ्य होतं ऐकण्यात.

पाण्याखाली रडारचा उपयोग नाही, कारण रेडिओलहरी पाण्यात लगेच विरतात. ध्वनी मात्र सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर वेगानं दूरवर जातो. दरीच्या तोंडाशी हाक मारावी आणि समोरच्या कड्यावरून ती परत यावी, तसंच सोनारचं काम चालतं. अडचण अशी की समुद्र सगळीकडे सारखा नसतो. उन्हानं तापलेला वरचा थर आणि खालचं थंड पाणी जिथं भेटतात तिथं ध्वनीची वाट वळते, आणि पाणबुडीला त्या सीमेखाली लपायला जागा मिळते. जहाजाच्या तळाशी बसवलेला सोनार तिथं कमी पडतो. म्हणूनच ‘तूरव्हिल’च्या मागच्या बाजूनं एक वजनदार सोनार केबलला बांधून थेट त्या थराखाली सोडला जाई. जहाज वर, त्याचा कान खाली! नौदल अभियांत्रिकीतल्या अत्यंत सुंदर कल्पनांपैकी ही एक आहे.

पाणबुडी सापडल्यावर मारा करायला होतं ‘मालाफाँ’. लातेकोएर या विमान कंपनीचं हे क्षेपणास्त्र रॉकेटच्या धक्क्यानं उडायचं, मग तरंगत जायचं आणि लक्ष्याजवळ पोचलं की पोटातला टॉर्पेडो पाण्यात सोडायचं. पल्ला साधारण १३ किलोमीटर. पुढे सोनार त्याहून कितीतरी दूरचं ऐकू लागले आणि जहाजावरची दोन लिंक्स हेलिकॉप्टरं टॉर्पेडो घेऊन कुठल्या कुठे जाऊ शकत होती. ‘मालाफाँ’ मागं पडलं. नव्वदच्या दशकात ‘तूरव्हिल’ आणि ‘द ग्रास’वर अतिशय कमी कंपनसंख्येवर चालणारा नवा सोनार बसवण्यात आला, कारण ध्वनी जितका खर्जातला तितका तो पाण्यात लांब पोचतो. ‘द्युगे-त्रुआँ’वर हा खर्च झाला नाही. ती १९९९ मध्येच निवृत्त झाली. उरलेल्या दोघींनी आणखी दशकभराहून अधिक काळ काम केलं. सांगाडा सत्तरच्या दशकातला असला तरी कान नवे असले की अशी नौका किती मोलाची ठरते, हे त्यावरून कळतं.

२०१३ मध्ये ‘द ग्रास’ही गेली. त्यांचं काम आता ‘आकितेन’ वर्गाच्या फ्रिगेट करतात. त्यांच्याही मागून केबलला बांधलेला सोनार पाण्यात सोडतात.

या तिघींपैकी एकीचंही संग्रहालय झालं नाही, याची खंत वाटते. मात्र ‘मालाफाँ’ पाहायचं असेल, तर त्यांच्या आधीच्या पिढीतली ‘माये-ब्रेझे’ ही युद्धनौका जतन झाली आहे. १९८८ मध्ये निवृत्त झाल्यावर ती नाँत शहरात, लुआर नदीवर संग्रहालय म्हणून उभी करण्यात आली आणि १९९१ मध्ये तिला ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला.