ग्यूस्ताव दोरे : चित्र, ठसा आणि साहित्यकृतीचे देशांतर

एखादी साहित्यकृती भाषेची सीमा ओलांडते तेव्हा त्या प्रवासाचे श्रेय वा दोष सहसा अनुवादकाला दिला जातो. एकोणिसाव्या शतकातील युरोपात या प्रवासाचा आणखी एक वाहक होता : ग्रंथासाठी चित्रे काढणारा चित्रकार. फ्रेंच चित्रकार ग्यूस्ताव दोरे (1832–1883) याची कारकीर्द हे त्याचे ठळक उदाहरण होय.

स्त्रासबूर्ग येथे जन्मलेल्या दोरेने चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतले नव्हते. 1848 पासून, वयाच्या सोळाव्या वर्षी, तो पॅरिसमधील प्रकाशक शार्ल फिलिपाँ यांच्या ‘जुर्नाल पूर रीर’ या विनोदी साप्ताहिकासाठी नियमित चित्रे काढू लागला. 1854 मध्ये राबलेच्या आणि 1855 मध्ये बाल्झाकच्या कथांसाठी त्याने काढलेली चित्रे प्रसिद्ध झाली. पुढे साहित्यातील श्रेष्ठ कृती एकाच भव्य आकारात सचित्र प्रसिद्ध करण्याचा संकल्प त्याने केला. दान्तेच्या ‘इन्फेर्नो’पासून प्रारंभ करायचा, तर प्रकाशकाला खर्चाची धास्ती वाटत होती. तेव्हा दोरेने खर्चाचा भार स्वतः उचलला. 1861 मध्ये निघालेल्या या ग्रंथाला मोठे यश लाभले आणि ‘डिव्हाइन कॉमेडी’चे उरलेले दोन भागही 1868 मध्ये त्याच्या चित्रांसह प्रसिद्ध झाले.

या चित्रांची निर्मितीप्रक्रिया लक्षात घेणे आवश्यक आहे. दोरे पुष्कळदा कठीण लाकडाच्या ठोकळ्यावरच कुंचल्याने छायाप्रकाश रंगवीत असे. कोरक्या त्या छटांचे बारीक रेषांत रूपांतर करी आणि कोरता कोरता मूळ चित्र नाहीसे होई. म्हणजे छापील पृष्ठावर जे उमटे, तोही एका अर्थी अनुवादच होता. अनेक चित्रांखाली एका बाजूस दोरेची, तर दुसऱ्या बाजूस एलिओदोर पिझाँसारख्या कोरक्याची सही आढळते.

अशा ठशांवरून धातूच्या प्रतिकृती करता येत असत आणि त्या परदेशी प्रकाशकांना पुरविल्या जात. पॅरिसच्या आवृत्तीत ‘इन्फेर्नो’ची चित्रे मूळ इटालियन संहिता आणि फिओरेन्तिनोचा फ्रेंच गद्यानुवाद यांच्यासोबत होती. 1866 मध्ये लंडनच्या कॅसल प्रकाशनाने तीच चित्रे हेन्री कॅरीच्या निर्यमक इंग्रजी पद्यानुवादाबरोबर छापली. शब्द बदलले, छंद बदलला. उत्तुंग कडे आणि त्यांच्या पायथ्याशी खुजे दिसणारे दोन कवी मात्र तेच राहिले. दान्तेचा नरक वाचकांच्या मनात कसा साकार झाला, याचा शोध केवळ अनुवादांच्या तौलनिक वाचनाने पुरा होत नाही, तो यामुळेच.

चित्र निव्वळ सजावट नसून अर्थनिर्णय असते, हे 1863 च्या ‘डॉन किहोते’वरून दिसते. ग्रंथारंभीच्या प्रसिद्ध चित्रात नायक तलवार उगारून वाचनात गढला आहे आणि शूर सरदार, राक्षस व सुंदरी यांनी त्याची खोली गजबजली आहे. सर्व्हान्तेसचा निवेदक ज्या भ्रमाची थट्टा करतो, त्या भ्रमालाच दोरे दृश्य अस्तित्व देतो. हास्यास्पद किहोतेच्या जागी उदात्त, एकाकी स्वप्नद्रष्टा पाहणाऱ्या रोमँटिक परंपरेशी हे चित्र नाते सांगते.

दोरेला स्वतःला मात्र चित्रकार म्हणून मान्यता हवी होती. 1861 मध्येच त्याने दान्ते व व्हर्जिल यांचे तीन मीटरहून उंच तैलचित्र पॅरिसच्या ‘सालों’ प्रदर्शनात मांडले. तथापि फ्रेंच समीक्षकांच्या लेखी तो मुख्यतः ग्रंथचित्रकारच राहिला. त्याच्या तैलचित्रांना अधिक आदर मिळाला तो लंडनमध्ये. तेथे त्याच्या नावाचे स्वतंत्र कलादालन होते. ब्लँचर्ड जेरल्डबरोबर केलेला ‘लंडन : अ पिल्ग्रिमेज’ हा ग्रंथ 1872 मध्ये निघाला. त्यातील दारिद्र्याचे दर्शन काही इंग्रज टीकाकारांना खटकले. पण त्यातल्याच न्यूगेट तुरुंगाच्या चित्रावरून व्हान गॉगने 1890 मध्ये आपले कैद्यांचे तैलचित्र रंगविले.

शेक्सपिअरच्या नाटकांचा संकल्प अपुरा ठेवून दोरे 1883 मध्ये निवर्तला. ज्या कामाने त्याला कलावंतांच्या पंक्तीत दुय्यम ठरविले, त्याच कामाने दान्ते, सर्व्हान्तेस आणि मिल्टन यांना अनेक भाषांतील वाचकांसाठी एकच दृश्यभाषा दिली. अनुवादकाच्या वाट्याला येणारे दुय्यमत्व याहून वेगळे नाही. साहित्यकृतींच्या स्वीकाराचा इतिहास लिहिताना अनुवादकाशेजारी चित्रकाराला, आणि चित्रकाराशेजारी कोरक्यालाही, स्थान द्यावे लागते.