होशेयाची कथा, कॅलिफोर्नियाच्या मातीत
जुन्या करारातील होशेय या संदेष्ट्याने परमेश्वराच्या आज्ञेवरून गोमेर नामक स्वैरिणीशी विवाह केला आणि ती परपुरुषाकडे गेल्यावर पंधरा शेकेल रुपे व वर जव मोजून तिला परत आणले, ही कथा फ्रान्सिन रिव्हर्स या अमेरिकन लेखिकेने १९९१ साली ‘रिडीमिंग लव्ह’ या कादंबरीत सुवर्णज्वराने झपाटलेल्या १८५० च्या कॅलिफोर्नियात नेली. बालपणीच वेश्याव्यवसायात विकली गेलेली एंजल शेतकऱ्याची पत्नी होऊनही वारंवार पळून जाते. लग्न लागले म्हणून गतायुष्याशी फारकत होत नाही, हे लेखिकेने ओळखले, यातच कादंबरीचे बळ आहे. हा शेतकरी नायक मात्र इतका निर्दोष, की त्याच्याशी संसार करणे कोणासही जडच जावे! आमच्याकडे मराठीत बाबा पदमनजींनी १८५७ मध्येच ‘यमुनापर्यटन’ या कादंबरीत विधवांची दुःखे ख्रिस्ती दृष्टीने मांडली होती, ती प्रणयकथा नव्हे, तरीही जिज्ञासूंनी अवश्य वाचावी.