सुपातील दाटपणाचा उगम

मराठी माणसाला 'सूप' या शब्दाने प्रथम धान्य पाखडण्याच्या साधनाची आठवण व्हावी, हे स्वाभाविक आहे. तो शब्द संस्कृत 'शूर्प' यापासून आलेला. संस्कृतातील 'सूप' त्याहून भिन्न असून त्याचा अर्थ शिजवून एकजीव केलेली डाळ असा होतो. 'सूपकार' म्हणजे आचारी आणि 'सूपशास्त्र' म्हणजे पाकशास्त्र. आज भोजनाच्या आरंभी वाडग्यातून येणारे सूप मात्र या दोहोंशी नाते सांगत नाही. ते इंग्रजीतून आले, इंग्रजीत फ्रेंचमधून, आणि त्याच्या मुळाशी असलेल्या उत्तरकालीन लॅटिन शब्दाचा अर्थ रश्शात भिजवलेला पावाचा तुकडा असा आहे. उच्चारसाम्यावरून संस्कृत व इंग्रजी शब्दांचे नाते जोडण्याचा मोह अनेकांना होतो. व्युत्पत्तिशास्त्र त्यास अनुकूल नाही. तथापि एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. दोन्ही शब्द पदार्थाला अंग देणाऱ्या द्रव्याकडे, एक डाळीकडे व दुसरा पावाकडे, निर्देश करतात. दुधाची साय त्यांपैकी कोणाच्याही अर्थात नाही.

हे येथे सांगण्याचे कारण असे की, सायीसारखे दाट व मऊसूत सूप हवे तर त्यात क्रीम किंवा मक्याचे पीठ घातलेच पाहिजे, अशी समजूत अलीकडे सुशिक्षित घरांतूनही रूढ झाली आहे. उपाहारगृहांनी व पाकिटातल्या तयार चूर्णांनी ती पक्की केली. परिणामी पुष्कळ सुपांत भाजीचे काम केवळ रंग देण्यापुरते उरते. वास्तविक ऋतूतील बहुतेक भाज्यांच्या अंगीच दाटपणाचे साधन असते, आणि ज्यांच्या अंगी ते नसते त्यांना मूठभर तांदूळ किंवा डाळ पुरते. ते कसे, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

जिभेला जो गुण 'सायीसारखा' वाटतो, तो एकच गुण नव्हे. द्रवाला वाहताना होणारा अंतर्गत रोध, म्हणजे विष्यंदिता, हा त्याचा एक भाग. कणांचा खरखरीतपणा न जाणवणे हा दुसरा. स्निग्धांशामुळे येणारी गुळगुळीत जाणीव हा तिसरा. वनस्पतीच्या पेशी आकाराने पुष्कळदा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असतात. हा आकार काही लहान नव्हे. तेवढ्या मापाची वाळू दाताखाली तत्काळ कळेल. परंतु नीट शिजलेली पेशी मऊ, फुगलेली व दबणारी असल्यामुळे जीभ तिला कण म्हणून ओळखत नाही. तेव्हा भाजी किती बारीक वाटली यापेक्षा ती वाटण्यापूर्वी किती शिजली, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. अर्धकच्चे गाजर यंत्रात दहा मिनिटे फिरवले तरी त्याचा चरचरीतपणा पुरता जात नाही.

शिजणे म्हणजे काय, हे येथे थोडे खोलात जाऊन पाहावे लागेल. शेजारशेजारच्या पेशींना जोडून ठेवणारे द्रव्य मुख्यतः पेक्टिन असते. उष्णतेने पेक्टिनच्या लांब साखळ्या तुटून विरघळू लागतात, पेशी एकमेकींपासून सुटतात आणि विरघळलेले पेक्टिन पाण्याला दाटपणा देते. या क्रियेला दोन गोष्टी अडथळा आणतात. पहिली आम्लता. टोमॅटो, चिंच अथवा लिंबू आरंभीच घातल्यास भाजी मऊ होण्यास फार वेळ लागतो. दुसरी गोष्ट पाण्यातील कॅल्शियम. तो पेक्टिनच्या साखळ्यांना परस्परांशी बांधून ठेवतो. 'आमच्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही' ही दख्खनच्या गावोगावी ऐकू येणारी तक्रार याच रासायनिक बंधाची आहे, आणि जी अडचण डाळीला तीच गाजराला. खाण्याचा सोडा घातल्याने भाजी लवकर विरघळते हे खरे. परंतु त्याने थायमिन व क जीवनसत्त्व यांचा नाश होतो आणि चवही साबणासारखी होते. हा उपाय मला त्याज्य वाटतो.

आणखी एक बाब पाकपुस्तकांतून क्वचितच सांगितली जाते. भाजीतील एक विकर सुमारे ५० ते ६५ अंश सेल्सिअस या तापमानात विशेष क्रियाशील असते व ते पेक्टिनला कॅल्शियमशी बांधले जाण्यास योग्य असे रूप देते. गार पाण्यात भाजी घालून ती मंद विस्तवावर हळूहळू तापवली, तर या टप्प्यात ती दीर्घकाळ राहते व पुढे कितीही उकळली तरी काहीशी कणखरच राहते. लोणच्यासाठी वा कोशिंबिरीसाठी हा गुण उपयोगी असेल. सुपासाठी तो दोष होय. म्हणून सुपाच्या भाजीवर पाणी घालायचे ते उकळते.

पिष्टाची कथा निराळी आहे. तांदूळ, बटाटा, मका यांतील पिष्टकण पाण्यात साधारणतः ६० ते ७५ अंशांच्या दरम्यान पाणी शोषून फुगतात व द्रव दाट होतो. फ्रेंच पाकशास्त्राने या गुणाचा उपयोग पद्धतशीरपणे केला. ओग्युस्त एस्कोफिये याने १९०३ साली प्रसिद्ध केलेल्या पाकग्रंथात दाट सुपांचे प्रकार मुख्यतः त्यांना दाटपणा कशाने येतो यावरूनच केले आहेत. घोटलेल्या सुपांना भाजीचे स्वतःचे पिष्ट, तांदूळ, पाव किंवा बटाटा. क्रीम-सुपांना दूध व मैद्याचा पांढरा सॉस. आणि मखमली सुपांना अंड्याचा बलक व क्रीम. यांतील पहिला वर्ग आपल्या स्वयंपाकघराला सर्वांत जवळचा. गाजराच्या सुपाला तांदळाने अंग द्यावे ही कल्पना पेज व कण्या जाणणाऱ्या कोकणातील गृहिणीला मुळीच परकी वाटणार नाही. अळूची पातळ भाजी शिजल्यावर घोटून तिला डाळीच्या पिठाचा आधार देणे हेही तत्त्वतः तेच कर्म आहे.

आता प्रत्यक्ष कृती. उदाहरणासाठी मी लाल भोपळा घेतो. कारण तो हिवाळ्यात उत्तम मिळतो, पुढे काही महिने टिकतो, आणि घरी त्याची उपेक्षाही तितकीच होते. साल व बिया काढून उरलेला अर्धा किलो भोपळा, एक मध्यम कांदा, एक मोठा चमचा तांदूळ, दोन लहान चमचे लोणी किंवा तूप, पाऊण लिटर पाणी आणि अर्धी वाटी दूध एवढे साहित्य चार जणांस पुरते. कांदा बारीक चिरून तुपात अगदी मंद आचेवर, झाकण ठेवून, आठ-दहा मिनिटे परतावा. तो पारदर्शक व्हावा, तांबूस होऊ नये. तांबूस झाल्यास भोपळ्याची नाजूक गोडी त्याखाली दबते. नंतर भोपळ्याच्या दोन सेंटिमीटरच्या फोडी व धुतलेले तांदूळ घालून दोन मिनिटे परतावे आणि त्यावर उकळते पाणी ओतावे. तुपात परतण्याला एक पोषणविषयक कारणही आहे: भोपळ्यातील कॅरोटीन स्निग्ध पदार्थात विरघळणारे असून तूप सोबत असल्यास शरीर ते अधिक चांगले शोषून घेते.

वीस-पंचवीस मिनिटांनी तांदळाचा दाणा बोटांनी चिरडताच मध्ये कणी लागत नाही, अशी अवस्था येते. भोपळा त्याआधीच शिजलेला असतो, म्हणून परीक्षा दाण्याची घ्यावी. मिश्रण कोमट झाल्यावर यंत्रातून काढावे. ऊन असतानाच काढायचे असल्यास भांडे अर्ध्याहून अधिक भरू नये. कोंडलेली वाफ झाकण उडवते व हात भाजतात. पुरणयंत्रातून काढले तरी चालते, किंबहुना बटाटा घातला असेल तर तेच बरे. वेगवान पात्यांनी बटाट्याच्या पेशी फुटून पिष्ट बाहेर पडते व सूप खळीसारखे चिकट होते. तांदळाच्या बाबतीत, या प्रमाणात, तो धोका फारसा नाही. नंतर सूप पुन्हा मंद आचेवर ठेवून त्यात तापवलेले दूध मिसळावे, मीठ व मिरपूड घालावी आणि उकळी फुटू न देता उतरावे. मीठ शेवटीच पाहावे हे बरे. दाट द्रवात चव मंद लागते, त्यामुळे पातळ असताना बरोबर वाटलेले मीठ पुढे कमी पडते.

घरची साय घालायची असल्यास ती आधी थोड्या दुधात घुसळून घ्यावी. सायीत स्निग्धांशाबरोबर गोठलेल्या प्रथिनांचा पापुद्रा असतो व तो सुपात तसाच तरंगतो. म्हशीचे दूध वापरणाऱ्यांना, त्यात सुमारे ७ टक्के स्निग्धांश असल्याने, सायीची गरजच पडत नाही.

इतर भाज्यांविषयी थोडक्यात सांगता येईल. गाजराला भोपळ्याचीच रीत लागू आहे, वेळ मात्र अधिक द्यावा. मटारात पिष्ट भरपूर असते. त्याची साले न शिजणारी म्हणून सूप गाळलेच पाहिजे. फ्लॉवरमध्ये पिष्ट फार थोडे, तरी त्याच्या पेशीभित्ती इतक्या मऊ होतात की त्याचे सूप नुसत्या पाण्यातही मलईदार होते. फक्त तो अतिकाळ उकळू नये, नाहीतर गंधकयुक्त द्रव्यांचा उग्र दर्प सुटतो. पालकाला स्वतःचे अंग नाही. त्यासाठी तांदूळ किंवा मूगडाळ आधी शिजवून घ्यावी व पाने अखेरच्या दोन-तीन मिनिटांत, झाकण न ठेवता, घालावीत. पानांतील आम्ले वाफेबरोबर काही अंशी निघून जातात व हरितद्रव्यातील मॅग्नेशियम टिकून रंग काळपट होत नाही.

टोमॅटो हा खरा कसोटीचा विषय. त्याचा सामू बहुधा ४.२ ते ४.५ च्या दरम्यान असतो, आणि दुधातील केसीन हे प्रथिन ४.६ च्या सुमारास साकळते. तापलेल्या दुधात ते त्याही आधी घडते. म्हणून टोमॅटोच्या सुपात दूध ओतले की ते फाटते, यात नवल नाही. उपाय दोन. दुधाऐवजी अधिक स्निग्ध व कमी प्रथिनांची मलई घ्यावी, अथवा दुधात आधी थोडे पीठ शिजवून मग ते टोमॅटोत मिसळावे. फुगलेले पिष्ट प्रथिनांच्या कणांना एकत्र येऊ देत नाही. कढीच्या ताकाला बेसन लावण्यामागे हेच तत्त्व आहे.

या सर्व विवेचनाला महत्त्व येते ते आजाऱ्याच्या संदर्भात. ज्याच्या पोटात दिवसभरात दोन-तीन वाट्याच जाणार, त्याला मक्याच्या पिठाने दाट केलेले पाणी देणे म्हणजे जवळजवळ केवळ पिष्ट देणे होय. त्याच दाटपणासाठी ३० ग्रॅम मूगडाळ शिजवून घोटली, तर सुमारे ७ ग्रॅम प्रथिने सुपात उतरतात, आणि संस्कृतातील 'सूप' पुन्हा वाडग्यात येते. भाजी शिजलेले पाणी टाकून दिले जात नसल्यामुळे त्यात उतरलेले क्षारही रुग्णास मिळतात. गिळण्यास त्रास असलेल्या रुग्णाच्या बाबतीत मात्र दाटपणा किती असावा हे वैद्यकीय सल्ल्यानेच ठरवावे. लाळेतील विकर पिष्टाचे विघटन करते व पिष्टाने आलेला दाटपणा तोंडातच कमी होऊ लागतो, ही गोष्ट अशा वेळी गौण राहत नाही.

याच कारणास्तव चव पाहिलेला चमचा पातेल्यात पुन्हा घालू नये; उरलेले सूप त्यामुळे काही वेळाने पातळ होऊ शकते. न उष्टावलेले सूप थंड झाल्यावर उलट घट्ट होते, कारण पिष्टाच्या साखळ्या पुन्हा जवळ येतात. दुसऱ्या दिवशी ते तापवताना त्यात दुधापेक्षा ऊन पाणी घालावे, चांगले ढवळावे, आणि दूध हवे तर वाढताना वाडग्यात वेगळे द्यावे.