वाफशावरचा हंगाम

सकाळी साडेसातला मॉरिसव्हिलहून निघाले की गाडीतूनच अण्णांना फोन लावते. कराडजवळच्या आमच्या गावात तेव्हा संध्याकाळचे पाच वाजलेले असतात. अण्णा रानातून येऊन ओसरीवर टेकलेले असतात आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो.

“वाफसा आहे का गं?”

“रात्री पाऊस नव्हता, अण्णा. पाणी मलाच द्यायचंय.”

“मग बेतानं दे. आणि आभाळ बघून दे.”

अण्णांच्या रानात सोयाबीन वीतभर आलंय, कोळपणी पावसानं अडून राहिलीय. माझं रान म्हणजे उत्तर कॅरोलिनातल्या डरहॅम शहराचं बेसबॉलचं मैदान. तिथं मी माती आणि गवत सांभाळणाऱ्या टोळीत आहे. हा माझा चौथा हंगाम.

डरहॅम बुल्स हा इथला संघ. शहर तंबाखूचं, 1902 मध्ये संघ सुरू झाला तेव्हा त्याचं नावच ‘टोबॅकोनिस्ट्स’ होतं, पुढं 1913 मध्ये बुल डरहॅम तंबाखूवरून ‘बुल्स’ झालं. 1988 च्या ‘बुल डरहॅम’ सिनेमानं ते जगभर गेलं. आताचं मैदान 1995 चं. 1998 पासून संघ ट्रिपल-ए पातळीवर खेळतो आणि टॅम्पा बे रेज या मोठ्या संघाच्या छत्राखाली आहे. मेजर लीगच्या उंबऱ्याला लागून असलेली ही शेवटची पायरी. हंगामात 150 सामने, त्यातले निम्मे घरी. मंगळवार ते रविवार सलग सहा दिवस एकाच पाहुण्या संघाशी खेळायचं आणि सोमवारी बहुतेक सुटी. आज गुरुवार, सामना पावणेसातला.

सकाळी 8. सर्वांत आधी माउंडवरची ताडपत्री काढायची. माउंड म्हणजे पिचर जिथून चेंडू टाकतो तो मातीचा उंचवटा, बरोबर 10 इंच उंच. तिथून बॅटर उभा असतो त्या होम प्लेटपर्यंत 60 फूट 6 इंच. ताडपत्री उचलली की खालून ओल्या चिकणमातीचा वास येतो. मी दोन क्षण तिथंच थांबते. परसात चूल सारवून झाल्यावर यायचा तसाच हा वास आहे.

मग गवत. ते कापायला दोन तास जातात, पण त्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच की इथल्या हवेत चालतं ते बर्म्युडा गवत, आणि बर्म्युडा म्हणजे आपली हरळी. मैदानावरचे वाण संकरित असतात, पण कूळ तेच. पहिल्या आठवड्यात गुडघे टेकून पाहिलं, पेरापेराला मुळं धरून सरपटणारा धागा ओळखला, आणि मला रडूच आलं. याच हरळीसाठी आईनं उन्हाळेच्या उन्हाळे खुरपं हातात घेऊन घालवले. एक कांडी राहिली तरी पुन्हा फुटते म्हणून ती वेचून बांधावर वाळत टाकायची. तुडवली, कापली, रगडली तरी परत उठते म्हणून आईला ती नकोशी होती, आणि नेमक्या त्याच गुणासाठी इथं तिला खतपाणी घालतात. आउटफिल्डवर, म्हणजे बेसच्या पलीकडच्या गवतावर, दिसणारे फिके-गडद पट्टे रंगाचे नसतात. यंत्राचा रूळ पाती एका बाजूला लववतो, दुसऱ्या फेरीत उलट्या बाजूला, आणि उजेड वेगळा पडतो.

साडेदहा. आता माती. इनफिल्डची, म्हणजे चारही बेसच्या आसपासची तांबूस माती हे रेती, पोयटा आणि चिकणमातीचं मोजून केलेलं मिश्रण असतं. वर भाजलेल्या मातीच्या बारीक खड्यांचा पातळ थर. कालच्या सामन्यानं दबलेली ही माती आधी खिळ्यांच्या चौकटीनं उकरायची, दाताळ्यानं उकरावी तशी, पण अर्धा-पाऊण इंच, त्याहून खोल नाही. मग वरून फळी मारून सपाट करायची. नांगरटीनंतर मैंद फिरवताना अण्णा मागं वळूनवळून का बघायचे ते मला इथं कळलं. एका कोपऱ्यात मुठीएवढी माती जास्त साचली तर तिथं पाणी थांबतं, आणि पाणी थांबलं तिथं पाय घसरतो.

आमच्या मॉरिसव्हिलच्या चर्च स्ट्रीट पार्कवर 2023 मध्ये मेजर लीग क्रिकेटचे सामने झाले. तेव्हापासून ओळखीचे मराठी लोक मला हमखास विचारतात, की बेसबॉलमध्ये चेंडू टप्पा पडून येत नाही, मग खेळपट्टी नसताना मातीची एवढी काळजी कशाला? काळजी पायांची असते. बॅटर फटका मारून पळतो, बेस गाठायला जमिनीवरून सूर मारतो, आणि शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाच्या, दिशेनं सरपटत येणारा चेंडू कधीकधी ताशी 100 मैलांहून वेगात येतो. वाटेत एक ढेकूळ लागलं तर तो चेंडू ग्लोव्हऐवजी तोंडावर येतो. म्हणजे टप्पे इथंही आहेत, फक्त ते फटक्यानंतर येतात.

दुपारी 12 ते 2. पाण्याची वेळ. या दोन तासांत मी कुणाशी बोलत नाही.

वाफसा या शब्दाला इंग्रजीत मला अजून जोड सापडलेली नाही. जमीन ओली असते पण चिकटत नाही. मूठभर माती दाबली तर लाडू वळतो, आणि अंगठा लावला की लाडू फुटतो. आमचे प्रमुख वेगळी खूण सांगतात: बुचाच्या फळ्यावर टाचणी टोचावी तसा बुटाचा खिळा मातीत गेला पाहिजे आणि तसाच बाहेर आला पाहिजे. भोक पडावं, कपचा उडू नये. त्यांनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी खिशातून हात काढला, माती उचलली, लाडू वळून दाखवला आणि फोडला. त्या दिवसापासून दुपारचा पाइप माझ्या हातात आहे.

पाणी वरवर शिंपडून उपयोग नसतो. सकाळी भरपूर द्यायचं, खोल मुरू द्यायचं, वरची कातडी थोडी सुकू द्यायची, पुन्हा द्यायचं. जुलैच्या 95 अंश फॅरेनहाइटच्या उन्हात पहिल्या बेसची बाजू आधी वाळते की तिसऱ्या, स्टँडची सावली किती वाजता कुठं पोचते, वारा कुठून आहे, हे सगळं धरून हात चालवावा लागतो. पाइप दोघीतिघींनी धरून उचलून न्यायचा, तो ओल्या मातीवरून घासता कामा नये.

पहिल्या हंगामात माझी एक चूक झाली होती. आभाळ भरून आलेलं असतानाही मी नेहमीच्या मापानं पाणी दिलं. ऊन पडलंच नाही. सामन्याच्या वेळी दुसऱ्या बेसजवळची माती बुटांना चिकटून लाह्यांसारखी निघायला लागली आणि एक खेळाडू वळताना गुडघ्यावर आला. त्याला लागलं नाही. पण तो उठून पँट झटकेपर्यंत माझा श्वास अडकला होता. अण्णांचं ‘आभाळ बघून दे’ हे तेव्हापासूनचं आहे.

दुपारी 2. खेळाडू येऊ लागतात. बहुतेक पंचविशीच्या आसपासचे, काही तिशी ओलांडलेले. कुणी डोमिनिकन प्रजासत्ताकातला, कुणी व्हेनेझुएलाचा, कुणी इथलाच. या पोरांची मेहनत मी रोज बघते, म्हणून पगाराचं सांगायलाच हवं: 2023 मध्ये त्यांच्या संघटनेचा पहिला करार झाला तोवर ट्रिपल-एमधला किमान पगार वर्षाला 17,500 डॉलर होता, तो 35,800 झाला. राहायची सोयही आता मूळ संघ करतात. हे फार आधी व्हायला हवं होतं. आपल्याकडचे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, उत्तर प्रदेशातले भालाफेकीतले दोन मुलगे, 2008 मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सनं घेतले तेव्हा याच मायनर लीगच्या पायऱ्यांवर उभे राहिले होते. त्या वेळी ही सोय कुणालाच नव्हती.

साडेतीन. सरावाचा मोठा जाळीचा पिंजरा ढकलत होम प्लेटपाशी न्यायचा, गवतावर चटया टाकायच्या, पिचरपुढं पडदे लावायचे. पुढचे पावणेदोन तास आम्ही बाजूला.

पाच वाजून दहा मिनिटं. प्रमुखांच्या फोनवर रडार लाल झालं आणि सराव थांबला. नैऋत्येला ढग काळानिळा. अशा वेळी तिकीट खिडकीवरची, कार्यालयातली, दुकानातली, जी माणसं हाताशी असतील ती सगळी धावत येतात. ताडपत्री साधारण 170 फूट लांब आणि तितकीच रुंद, म्हणजे साडेसव्वीस गुंठे. भल्या मोठ्या नळकांड्यावर गुंडाळलेली असते. ते ढकलत आणायचं, उलगडायचं, आणि मग वीस जणांनी कडा धरून पळायचं. वारा खाली शिरला की ती फुगते, तेव्हा हात सोडून द्यायचा. हट्टानं धरून ठेवणारा माणूस उचलला जातो. हे नव्या माणसाला दरवेळी ओरडून सांगावं लागतं. आज कडा खाली बसल्या आणि पहिला थेंब पडला.

मग विजा. मैदान रिकामं. डगआउटमध्ये, खेळाडूंच्या बसायच्या जागेत, आम्ही ओळीनं बसलो, ताडपत्रीवर पाऊस वाजत होता. गावाकडं पत्र्याच्या शेडमध्ये बसून असाच ऐकायचो.

साडेसहा. विजा थांबल्या. ताडपत्रीवरचं पाणी आउटफिल्डच्या हरळीत सोडायचं, ती पिऊन टाकते. खालची माती दुपारी ठेवली तशीच होती. अंगठ्यानं दाबून पाहिली. लाडू फुटला. मग घाई: फळी, बेस बसवणं, फक्की मारणं. बॅटर उभा राहतो त्या चौकोनाचा साचा असतो, 4 फूट बाय 6 फूट; तो ठेवून रेघा ओढल्या. पाऊस आला तर खेळ सुरू करायचा की नाही हे यजमान संघ ठरवतो, पण दोन्ही संघांच्या यादीचे कागद पंचाच्या हातात गेले की निर्णय पंचाचा. कागद सात वाजून वीस मिनिटांनी गेले.

साडेसात. सामना सुरू. आम्ही बसतो तिथून डाव्या हाताची उंच निळी भिंत आणि तिच्यावरचा लाकडी बैल दिसतो. आपल्या संघानं होमरन मारला की त्याचे डोळे लाल होतात, शेपटी हलते, नाकपुड्यांतून धूर येतो. आज तो दोनदा फुरफुरला. स्टँडमधली पोरं उभी राहून ओरडतात ते मला चौथ्या हंगामातही बघावंसं वाटतं. ट्रिपल-एत चेंडू योग्य पट्ट्यातून गेला की नाही याबद्दल पंचाचा निर्णय आता यंत्राकडून तपासून घेता येतो. बॅटर, पिचर किंवा कॅचरनं लगेच स्वतःच्या डोक्यावर टपली मारायची, की पडद्यावर चेंडूचा मार्ग उमटतो आणि सगळं मैदान श्वास धरून बघतं.

तिसऱ्या आणि सहाव्या इनिंगनंतर आम्ही लोखंडी जाळ्या ओढत पळतो, दोन मिनिटांत पायांचे ठसे पुसतो.

रात्री सव्वादहा. बुल्स हरले, 5-4. लोक पांगले, दिवे अर्धे झाले, आणि माझं सर्वांत आवडतं काम उरलं. माउंड.

पिचरचा एक पाय मागच्या रबरी पट्टीला टेकलेला असतो, दुसरा जवळजवळ त्याच्या उंचीइतका पुढं पडतो. सामनाभर तिथं खड्डे होतात, आणि प्रत्येकाचा खड्डा वेगळा. उजव्या हाताच्या पिचरचा एकीकडं, डावखुऱ्याचा दुसरीकडं. कुणी टाच आधी रोवतो तर खड्डा मागून खोल असतो, कुणी चवड्यावर फिरतो तर वाटीसारखा गोल होतो. मे-जूनमध्ये एका उंच पोराचा लांबट, किंचित डावीकडं वळलेला खड्डा मी घरच्या सामन्यांच्या दर आठवड्यात भरत होते. एका रात्री तो नव्हता. त्या पोराला टॅम्पाहून बोलावणं आलं होतं. या संघात पिकलं की वर जातं. तीन आठवड्यांनी तो परत आला. नाव फलकावर मी नंतर वाचलं, आधी खड्डा दिसला.

आजचा खड्डा नव्या मुलाचा होता, टाचेकडून खोल. सुटी माती झाडून काढली, तळ ओला केला, चिकणमाती घातली आणि धुम्मस घेतली. हलक्या हातानं, मग जोरानं, मग पुन्हा पाणी. भरलेला भाग बाजूच्या मातीशी एकजीव झाला की धुम्मसचा आवाज बदलतो, पोकळ असतो तो भरीव होतो. तो आवाज येईपर्यंत थांबायचं नाही.

ताडपत्री अंथरून कडांवर वजनं ठेवेपर्यंत सव्वाअकरा झाले. फोनवर अण्णांचा निरोप होता. तिकडं शुक्रवारची सकाळ. “पाऊस उघडलाय. दुपारपर्यंत वाफसा येईल, कोळपं घालतो. तुझ्याकडं काय?”

मी लिहिलं, “पाऊस झाला, पण माती झाकलेली होती. उद्या कमी पाणी देते.”