चाळिशीनंतर घोडेस्वारीचा उस्ताद होता येईल काय?

कुरुळीच्या एका वाचकबंधूंचे पत्र आम्हाला आले आहे. वय त्रेचाळीस, चाकणच्या एका कारखान्यात ठेकेदारामार्फत काम, ते केव्हा सुटेल याचा भरवसा नाही. वडील टांगा हाकत, त्यामुळे घोड्याचे भय नाही. या वयात घोडेस्वारी शिकविण्याचा व्यवसाय धरता येईल काय, असे ते विचारतात.

वयाची अडचण वाटते तेवढी मोठी नाही. जपानचे हिरोशी होकेत्सू 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये वयाच्या 71 व्या वर्षी घोड्यावर होते. पण हेही सांगितले पाहिजे की, ते 1964 च्या टोकियो ऑलिंपिकमध्येही उतरले होते. चाळिशीत प्रथमच रिकिबीत पाय घालणाऱ्याने स्पर्धा जिंकण्याची नव्हे, तर नवशिक्यांना नीट शिकविण्याची उमेद धरावी. आमच्या मते ती पुरेशी आहे.

शिक्षणाची सुरुवात खोगिरावर नव्हे, तबेल्यात होते. खरारा करणे, खूर साफ करणे, चंदी किती व केव्हा द्यायची हे हातात बसले पाहिजे. घोड्याला उलटी होत नाही. म्हणून त्याचे पोट दुखू लागले तर ते जिवावर बेतू शकते, आणि ते आधी ओळखणारा माणूस मालकाला हवा असतो. पुढे लांब दोरावर घोडा गोल फिरवून, रिकीब न वापरता, बैठक पक्की करतात. दुडकी चालीत अंग घोड्याच्या लयीत आले म्हणजे अर्धे काम झाले. पडणे होणारच, आणि चाळिशीतले हाड लवकर जुळत नाही. तेव्हा शिरस्त्राण आणि टाचेचे बूट यांत काटकसर करू नये.

स्वार होणे वेगळे, उस्ताद होणे वेगळे. उस्तादाची नजर एकाच वेळी मुलावर आणि घोड्याच्या कानांवर असावी लागते. कान मागे पडले की काही बिनसले समजावे. कोणत्या मुलाला कोणता घोडा द्यायचा, धडा केव्हा थांबवायचा, हे निर्णय त्याचेच. येथे पोक्त वय उपयोगी पडते. पालक आपले लेकरू पोक्त माणसाच्या हाती निर्धास्तपणे सोपवतात.

शिकायचे कोठे? तळेगाव परिसरात जापालूप हे अश्वारोहण केंद्र आहे. मुंबईत महालक्ष्मीला 1942 साली स्थापन झालेला अमॅच्युअर रायडर्स क्लब आहे. लष्करातून निवृत्त झालेले घोडदळाचे जवानही शिकवितात, आणि शिस्तीत शिकायचे तर त्यांच्यासारखे गुरू नाहीत. प्रमाणपत्राबाबत इक्वेस्ट्रियन फेडरेशन ऑफ इंडिया या राष्ट्रीय संघटनेकडे चौकशी करावी. जागतिक संघटनेचा प्रशिक्षकांसाठीचा कार्यक्रम तीन पातळ्यांचा आहे. त्यासाठी कामापुरते इंग्रजी लागेल.

आता पैशाचे. प्रारंभीच स्वतःचा घोडा घेऊ नये, हे आम्ही ठासून सांगतो. चारशे किलोचा घोडा रोज आठ-दहा किलो वैरण व चंदी खातो, सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद लागतो, आणि पावसाळ्यात शिष्य आले नाहीत म्हणून त्याची भूक थांबत नाही. त्यासाठी व्याजी कर्ज तर नकोच. 2015 साली मुंबई उच्च न्यायालयाने तेथील व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा ठरविल्या, तेव्हा घोड्यांवर पोट असलेल्या कुटुंबांचे काय हाल झाले, हे विसरता येत नाही.

घोड्याचा धंदा म्हणजे शर्यतीचा जुगार, असा काहींचा समज असतो. पैजेचा पैसा हराम आहे. पण घोडेस्वारी शिकविण्याची मजुरी ही मेहनतीची कमाई आहे. अश्वविद्येला तर प्रेषित (स.) यांनी उत्तेजनच दिले आहे.

कुरुळीच्या बंधूंनी नोकरी सोडू नये. साप्ताहिक सुटीच्या दिवशी एखाद्या तबेल्यात पहाटे फजरनंतर हजर व्हावे, आणि पहिले तीन महिने मोतद्दाराचे काम करण्याची तयारी दाखवावी. त्यानंतर मालक शिकाऊ म्हणून ठेवायला तयार झाला, तर वेतन, अपघाताचा विमा आणि स्वारीचे तास कागदावर लिहून घ्यावेत.